किलकोरानचा स्वेटर, बॉस्टनमार्गे

डिम्पना मॅकगिन्लीचं आणि तिच्या नणंदेचं सहा वर्षं बोलणं नव्हतं, आणि त्याला कारण झाला होता एक कुत्रा. कुत्र्याचा तसा दोष नव्हता. फिडेल्मानं, म्हणजे नणंदेनं, आपल्या धाकट्या भावासाठी, म्हणजे डिम्पनाच्या नवऱ्यासाठी, दोन महिने खपून एक स्वेटर विणला होता. जाड लोकर, छातीवर पिळाची वीण, दुहेरी गळा. आयर्लंडातल्या डोनेगलच्या किनाऱ्यावरचा वारा त्यात शिरायला धजत नसे. डिम्पनानं तो एके दिवशी चादरींबरोबर मशीनमध्ये टाकला आणि कढत पाण्यावर फिरवला. बाहेर आला तेव्हा तो सात वर्षांच्या मुलाच्या अंगाला बसला असता. घरात मूल नव्हतं, बॅजर नावाचा टेरियर कुत्रा होता. एवढी चांगली लोकर टाकून द्यायचं डिम्पनाच्या जिवावर आलं. पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर फाटकाशी फिडेल्मानं बॅजरला पाहिलं. त्याच्या छातीवर पिळाची वीण होती.

डिम्पनाची जीभ घाबरली की भलतीकडेच धावते. ती म्हणाली, "त्यालाही शोभतोय की नाही?"

झालं. त्या दिवसापासून दोघींमध्ये विस्तव जात नव्हता.

किलकोरान एवढंसं गाव. धक्का, चर्च, दोन पब, एक औषधांचं दुकान. त्या दुकानाच्या काउंटरवर डिम्पनाच उभी असे, त्यामुळे फिडेल्माची पंचाईत होई. तिला केसांचा रंग लागे. साठी उलटलेल्या बाईच्या डोक्यावर तो तांबूस-नारिंगी रंग सूर्य मावळताना बोटींच्या पाठीवर पडतो तसा दिसायचा, आणि गावात तो दुसरं कुणी लावत नसे. फिडेल्मा पेपरमिंटची गोळी चघळत दुकानात यायची, डिम्पनाच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत खोक्याकडे बोट दाखवायची, पैसे ठेवायची आणि निघून जायची. सहा वर्षांत त्या दोघींनी एकमेकींना दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सुटे पैसे.

मॅनस, डिम्पनाचा नवरा, धक्क्यावर मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. बायको आणि बहीण यांच्यामध्ये सापडून मुळातच कमी बोलणारा तो आणखी कमी बोलू लागला होता. दर शनिवारी "फिडेल्माचा बॉयलर बघून येतो" म्हणून जायचा आणि मटणाच्या रश्शाचा वास घेऊन परत यायचा. एवढी दुरुस्ती झालेला बॉयलर अख्ख्या आयर्लंडात नसेल.

त्या नोव्हेंबरात मॅनसला पासष्ट वर्षं पूर्ण होणार होती. अंगात बाजारचं कसलंसं पातळ जाकीट घालून तो पहाटे धक्क्यावर जायचा आणि निळा पडून परत यायचा. एकदा चुलीशी हात शेकता शेकता एवढंच बोलला, "तो स्वेटर ऊबदार होता." तक्रार नव्हती त्यात. पण डिम्पनाला ते लागलं.

तसाच स्वेटर त्याला द्यायचा, हे तिनं त्याच रात्री ठरवलं. पण आणायचा कुठून? गावात विणणारी चांगली अशी एकच, आणि तिच्या दारात जाण्यापेक्षा डिम्पना समुद्रात गेली असती. डोनेगलमधल्या कुठल्या दुकानात घ्यावा तर दुपारी घेतलेल्या वस्तूची बातमी संध्याकाळच्या चहाला फिडेल्माच्या घरी पोचली असती: भावजयीनं माझ्या भावाला बाजारचा स्वेटर आणला. तेव्हा घ्यायचा तर जिथून बातमी येणार नाही अशा ठिकाणाहून. डिम्पनानं फोनवर शोध शोध शोधलं आणि तिला बॉस्टनचं एक दुकान सापडलं. 'आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आजीबाईंनी हातानं विणलेले अस्सल स्वेटर' असं त्यावर लिहिलं होतं. खाली एका शालवाल्या आजीबाईचा फोटो होता. तिचे दात इतके सरळ होते की ती डोनेगलची असणं शक्य नव्हतं. पण स्वेटर मात्र हवा तसा होता. दोनशे चाळीस डॉलर. डिम्पनानं डोळे मिटून बटण दाबलं. त्या बटणाखाली बारीक अक्षरात, 'तुमच्या देशात पडणारं आयातशुल्क व कर तुमच्याकडे' असं होतं. पण डोळे मिटलेल्या माणसाला बारीक अक्षरं कुठून दिसणार?

दोन आठवड्यांनी तिच्या फोनवर निरोप आला: तुमचं पार्सल कस्टममध्ये थांबलं आहे, पुढील रक्कम भरा.

डिम्पना खुदकन हसली. असले फसवे निरोप तिला चांगले ठाऊक होते. दुकानात येणाऱ्या निम्म्या म्हाताऱ्यांना तिनंच बजावून ठेवलं होतं की पार्सल अडकलंय, पैसे भरा, असं कुणी म्हणालं की समजायचं चोर आहे. तिनं निरोप पुसला. तीन दिवसांनी दुसरा आला. तोही पुसला, आणि पुसण्याआधी उत्तर पाठवलं, 'लाज वाटत नाही का रे, मेल्या? कामधंदा बघ.' दिवसभर तिला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

मग एक दिवस टपालवाला यूनन औषधांच्या दुकानात आला. यूनन तिच्या वर्गातला. लहानपणी तिच्या वेण्या शाईत बुडवायचा.

"डिम्पना, तुझं एक पार्सल अडकलंय. पैसे भर, नाहीतर चार दिवसांत परत जाईल."

"तूसुद्धा त्या टोळीत सामील झालास?"

"कुठली टोळी?"

"ती कस्टमच्या नावानं पैसे उकळते ती."

यूननानं टोपी काढून डोकं खाजवलं. "त्या टोळीला सरकार म्हणतात, डिम्पना. मी तिच्यात तेहेतीस वर्षं आहे."

त्यानं चिठ्ठी काउंटरवर ठेवली. एकशे चार युरो. डिम्पनानं चष्मा पुसून परत वाचलं. आकडा काही लहान झाला नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तसलाच प्रकार, फक्त इथं कोंबडीही चार आण्याची नव्हती.

"पण स्वेटर आयर्लंडचा आहे!" ती म्हणाली. "आयर्लंडची वस्तू आयर्लंडात यायला पैसे?"

"मला नको सांगू. मी फक्त सायकल चालवतो."

"गाडी चालवतोस तू."

"तेच ते. त्यांना फोन कर."

डिम्पनानं जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत बसून फोन लावला. बराच वेळ सतारीसारखं काहीतरी वाजत राहिलं. शेवटी एका मुलीचा आवाज आला. नाव सांगितलं ईव्हीन, आवाज डब्लिनचा, गोड.

"बोला मॅडम, काय अडचण आहे?"

"अडचण अशी आहे बाई, की तुम्ही माझ्याकडून एका आयरिश स्वेटरवर परदेशी मालाचे पैसे मागताय."

"स्वेटर कुठून आलाय, मॅडम?"

"बॉस्टनहून."

"मग तो आयात झाला."

"अगं पण विणलाय इथं! तसं लिहिलंय त्यांच्या दुकानात. मेंढी इथली, सुया इथल्या, म्हातारी इथली. तो बॉस्टनला काय पोहत गेला?"

मुलगी हसू दाबत असावी. "असं आहे मॅडम, एकदा माल युरोपच्या बाहेर गेला की परत येताना त्याला परका पाहुणा समजतात. कपड्यांवर आयातशुल्क, मग त्या सगळ्यावर व्हॅट, आणि टपालाचा हाताळणीचा आकार."

"शुल्कावरसुद्धा व्हॅट? म्हणजे करावर कर?"

"हो मॅडम."

"आणि हाताळणी कसली? तो स्वेटर आहे, वाघाचं बछडं नाही. चावत नाही तो."

"मॅडम, एक वाट आहे," ईव्हीन म्हणाली. तिला बहुधा डिम्पनाची दया आली असावी. "इथून बाहेर गेलेली वस्तू तीन वर्षांच्या आत, न बदलता परत आली, तर आयातशुल्क माफ होऊ शकतं. व्हॅट नाही, कारण पाठवणारा आणि मागवणारा वेगळे आहेत. पण शुल्क परत मिळेल. फक्त पुरावा हवा. कुणी विणला, कुणी पाठवला, कधी पाठवला."

"आणि तो मी कुठून आणू? पश्चिम किनाऱ्यावरच्या आजीबायांची परेड घेऊ?"

"ते तुम्ही बघा, मॅडम. आणखी काही मदत?"

डिम्पनानं पैसे भरले. भरताना प्रत्येक आकड्याला एकेक शिवी हासडली, तीही आयरिशमध्ये, कारण इंग्रजीत तेवढ्या नव्हत्या.

दोन दिवसांनी यूननानं खोकं आणून दिलं. मॅनस धक्क्यावर गेला होता. डिम्पनानं स्वैपाकघराच्या टेबलावर खोकं ठेवून सुरीनं पट्टी कापली आणि झाकण उघडलं. आधी आला वास. पीटच्या, म्हणजे चुलीत जाळायच्या दलदलीतल्या वाळक्या मातीच्या, धुराचा, ओल्या लोकरीचा, आणि त्यात कुठंतरी पेपरमिंटच्या गोळ्यांचा. डिम्पनाचा हात जागच्या जागी थांबला. अटलांटिक दोनदा ओलांडूनही तो वास जसाच्या तसा होता.

"नाही," ती खोक्याला म्हणाली. "नाही, नाही, नाही."

स्वेटर बाहेर काढला. जाड लोकर. पिळाची वीण. दुहेरी गळा. खिडकीशी नेऊन उलटासुलटा केला, आणि डाव्या बाहीच्या वर, टाक्यात गुंतलेला एक केस तिला दिसला. तांबूस-नारिंगी. हा रंग तिनं स्वतः खोक्यात घालून, काउंटरवरून सरकवून, सहा वर्षं विकला होता. तिनं तो केस दोन बोटांत धरून उजेडात पाहिला.

काखेत कळसा होता. वळसा बॉस्टनचा घेतला होता. आणि वळशावर एकशे चार युरो जकात भरली होती.

आता करायचं काय? मॅनसला दिला, तो घालून धक्क्यावर गेला की अर्धं गाव ओळखणार, आणि फिडेल्मा ईस्टरपर्यंत हसणार. परत पाठवला तर पाठवणावळ खिशातून. कपाटात कोंबून ठेवावा, तर मॅनस गारठतोय. डिम्पनानं तीन दिवस तो उशीच्या अभ्र्यात लपवला आणि तीन दिवस तिला नीट झोप लागली नाही. पण जागेपणी तिच्या डोक्यात नणंद नव्हती. डोक्यात ईव्हीन होती. 'फक्त पुरावा हवा.' पुरावा इथून पंधरा मिनिटांवर, टेकडीवरच्या घरात, पेपरमिंट चघळत बसला होता. एकशे चारपैकी शुल्काचे तीस युरो परत मिळू शकत होते, आणि केवळ एका कुत्र्यापायी ते सरकारच्या घशात राहणार होते.

माणसाला दोन राग एकदम येत नाहीत. चौथ्या दिवशी डिम्पनाला कळलं की नणंदेपेक्षा सरकारचा राग मोठा आहे.

ती उशीचा अभ्रा घेऊन टेकडी चढली. फिडेल्मानं दार उघडलं, तिला पाहिलं आणि पांढरी फटक पडली.

"कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मॅनस?"

"घरी आहे. बटाटे सोलतोय."

फिडेल्माचा श्वास सुटला आणि त्याबरोबर चेहराही आधीसारखा घट्ट झाला. "मग काय हवंय?"

"एक सही," डिम्पना म्हणाली आणि अभ्रा पुढं केला.

फिडेल्मानं स्वेटर बाहेर काढला. बोटांनी गळा चाचपला, बाही उलटी केली. "हा माझा आहे. हा मी वसंतात बॉस्टनला पाठवला होता. हॅलोरन म्हणून एक माणूस आहे, तो तिथल्या लोकांना विकतो. तुझ्याकडे कसा आला?"

"विकत घेतला."

"बॉस्टनहून?"

"हो."

"माझा स्वेटर?"

"मला काय माहीत तुझा आहे! फोटोत दुसरीच बाई होती. चांगल्या दातांची."

फिडेल्मा दाराची चौकट धरून उभी राहिली. आधी तिचे खांदे हलले, मग पोट, मग ती इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. डिम्पना लाल होऊन उभी राहिली. जावंसं वाटत होतं, पण तीस युरो पाय धरून होते.

"हस," ती म्हणाली. "पोटभर हस. एकशे चार युरो भरलेत मी वरून."

"कशाचे?"

"कस्टमचे. आयर्लंडचा स्वेटर आयर्लंडात आणला म्हणून."

फिडेल्माचं हसू जागीच थिजलं. "काय म्हणालीस?"

"शुल्क. त्यावर व्हॅट. आणि हाताळणी."

"माझ्या स्वेटरवर? माझ्या?" फिडेल्मा उठून उभी राहिली. "इथं वाढलेल्या मेंढीवर? आत ये. ये आत, थंडी आहे बाहेर. आणि मूळ किंमत किती होती ते सांग."

"दोनशे चाळीस डॉलर."

फिडेल्मा हातात चहाची किटली धरून तशीच राहिली. "मला तो सत्तर युरो देतो," ती हळूच म्हणाली. "आणि वर म्हणतो, बाजार मंद आहे, फिडेल्मा."

त्या दिवशी टेकडीवरच्या त्या स्वैपाकघरात हॅलोरनला, कस्टमला, व्हॅट शोधून काढणाऱ्या अनामिक माणसाला आणि त्या चांगल्या दातांच्या बाईला जे काही ऐकून घ्यावं लागलं असतं ते ऐकायला ते तिथं नव्हते, हे त्यांचं नशीब. दोन किटल्या चहा संपला. फिडेल्मानं बिस्किटांच्या डब्यातून बॉस्टनला पाठवलेल्या पार्सलची टपालाची पावती काढली. डिम्पनानं अर्ज लिहिला, फिडेल्मानं सांगितला. 'सदर स्वेटर मी स्वतः माझ्या घरी विणला' एवढं झाल्यावर फिडेल्मा म्हणाली, "लिही, तो केसही पाठवते. हवं तर तपासून घ्या म्हणावं."

"केस नको. त्यावर ते केसांचं शुल्क लावतील."

"खरंय. नको पाठवू."

निघताना डिम्पना दारात घुटमळली. कुत्र्याविषयी काहीतरी बोलायचं होतं, आणि शब्द नेहमीप्रमाणे भलतीकडे पळत होते. "हा मी थंड पाण्यात धुईन," ती म्हणाली. "हातानं."

"धुऊच नकोस," फिडेल्मा म्हणाली. "वाऱ्यावर टाक. लोकर आपापली स्वच्छ होते. मला विचारलं असतंस तर तेव्हाच सांगितलं असतं."

"विचारायला हवं होतं."

"हो. हवं होतं." फिडेल्मानं खिशातून पेपरमिंटची एक गोळी काढून तिच्या हातावर ठेवली. "बॅजर कसा आहे?"

"म्हातारा झाला. अजून घालतो तो."

"घालू दे," फिडेल्मा म्हणाली, आणि दार लावून घेतलं. पण दार लावल्यावरही तिचं हसणं बाहेर ऐकू येत होतं.

कस्टमचं उत्तर मॅनसच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी आलं. आयातशुल्क परत मिळेल. व्हॅट मिळणार नाही, हाताळणीचा आकार मिळणार नाही. फिडेल्माला कळलं तेव्हा ती टेकडीवरून तरातरा खाली आली, सहा वर्षांत पहिल्यांदा भावाच्या घरात शिरली आणि कोट न काढताच म्हणाली, "व्हॅट का नाही?"

"कारण पाठवलास तू आणि मागवला मी," डिम्पनानं सांगितलं. "पाठवणाऱ्यानंच परत आणला असता तर मिळाला असता."

"म्हणजे मी माझाच स्वेटर विकत घ्यायला हवा होता?"

"तसंच दिसतंय."

"या लोकांना डोकं आहे की नुसतीच टोपी?"

हॅलोरनशी तिनं आधीच फोनवर बोलून घेतलं होतं. बोलणं म्हणजे काय, यूनन सांगत होता की ते टपाल कचेरीपर्यंत ऐकू आलं. पुढचा स्वेटर एकशे साठ युरोचा आणि फोटोतली बाई काढायची, या दोन अटींवर प्रकरण मिटलं. तिच्या जागी कुणाचा फोटो टाकू, असं त्यानं विचारलं तेव्हा फिडेल्मानं स्वतःचा पाठवून दिला. केस रंगवून.

वाढदिवसाला मॅनसनं स्वेटर अंगात घातला. पाठ, छाती बरोबर बसली, पण अमेरिकेतल्या गिऱ्हाईकाच्या मापाच्या बाह्या त्याच्या बोटांच्या पलीकडे लोंबत होत्या. त्यानं गळ्याशी हात नेला, खोल श्वास घेतला आणि काहीही न विचारता बहिणीकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. ही बाई विकत घ्यायला बॉस्टनपर्यंत गेली हे त्याला नंतर पबमध्ये यूननकडून कळलं. तेव्हा तो एकटाच हसत घरी आला म्हणतात.

"हात वर कर," फिडेल्मा म्हणाली. तिच्या तोंडात टाचण्या होत्या. "दोन बोटं कमी करते."

"दोन नाही, तीन," डिम्पना म्हणाली. "इंजिनात अडकेल."

"तीननं मनगट उघडं पडेल. विणकाम तुला कळतं का?"

"नवरा मला कळतो."

"माझा भाऊ तुझ्याआधीचा आहे!"

एकीनं उजवी बाही धरली, दुसरीनं डावी. मॅनस दोन्ही हात पसरून स्वैपाकघराच्या मध्ये उभा राहिला, धक्क्यावरच्या खांबासारखा. टेबलावर दोन केक होते, एक बायकोनं केलेला, एक बहिणीनं आणलेला, आणि त्याला माहीत होतं की आज दोन्ही सारखेच खावे लागणार. वाद हळूहळू बाहीवरून व्हॅटवर गेला. डिम्पनानं कागद आणला, फिडेल्मानं टाचण्या तोंडातून काढून सांगायला सुरुवात केली, 'महोदय, आपल्या निर्णयाविरुद्ध आम्ही दोघी...'

"'दोघी' खाली दोनदा रेघ मार," फिडेल्मा म्हणाली.

उजवी बाही टाचून झाली होती, डावी लोंबतच होती. मॅनसनं हलकेच उजव्या हातानं सुरी उचलली आणि केकचा पहिला तुकडा कापला. कुणाच्या केकचा, ते त्यानं कुणालाही दिसू दिलं नाही.